फेस उठला, पण वायू कोणता?

खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले की फस्सकन फेस येतो. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ढोकळ्याच्या पिठात, पोटात जळजळते म्हणून पाण्यात टाकलेल्या पुडीत, ताकात घातलेल्या चिमूटभर सोड्यात ते रोज घडते. शाळेच्या प्रयोगवहीत त्याची नोंद एका दमात उरकलेली असते: वायूचे बुडबुडे निघाले, वायूने चुन्याची निवळी दुधाळ केली, म्हणून हा वायू कार्बन डायऑक्साइड होय. नोंद बरोबर आहे, पूर्ण गुणही मिळतात. पण या एका ओळीपर्यंत पोचायला रसायनशास्त्राला अठराव्या शतकातली जवळजवळ चाळीस वर्षे लागली. ती वाट ठाऊक नसेल तर विद्यार्थ्याकडे पाठ केलेले उत्तर राहते, अनोळखी वायू ओळखण्याची रीत त्याच्या हाती लागत नाही. मला इथे ती रीत सांगायची आहे.

आधी प्रयोग नीट करू. काचेच्या उंच भांड्यात चहाच्या चमच्याने एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, खाण्याचा सोडा घ्यावा. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल ४ टक्क्यांच्या आसपास असते. एवढा सोडा पुरता संपवायला तसले ९० मिलिलिटर व्हिनेगर लागते. व्हिनेगर नसेल तर दोन-तीन रसदार लिंबांचा रस पुरतो. आम्ल थोडे थोडे घालावे, नाहीतर अर्धा सोडा फेसाबरोबर ओट्यावर जातो. भांड्याला झाकण मात्र कधीही घट्ट लावू नये. हिशेब असा: ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम वायू निघतो, म्हणजे आपल्या ५ ग्रॅममधून सुमारे २.६ ग्रॅम. वजन किरकोळ, पण खोलीच्या तापमानाला या वायूला जवळजवळ दीड लिटर जागा लागते. बंद बाटलीत ती जागा मिळाली नाही की बाटली फुटते.

फेस चालू असताना भांड्याला हात लावून पाहा. ते गार लागेल. एवढी खळबळ चालली असताना भांडे तापेल असे कुणालाही वाटते, पण ही क्रिया भोवतालची उष्णता शोषून घेते. प्रयोगवहीत हे निरीक्षण फारसे येत नाही. मला ते पहिल्या नोंदीइतकेच मोलाचे वाटते, कारण पाठ करून लिहिणाऱ्याला ते सुचत नाही. ज्याने भांडे हातात धरले, त्यालाच ते सापडते.

आता पहिला प्रश्न: वायू आला कुठून? आम्लातून की सोड्यातून? याचे उत्तर पुस्तक न उघडता मिळते. सोडा तोच ठेवा आणि आम्ल बदला. लिंबातले सायट्रिक, चिंचेतले टार्टारिक, ताकातले लॅक्टिक, प्रयोगशाळेतले हायड्रोक्लोरिक, कोणतेही घेतले तरी फेस येतो आणि निघणारा वायू सारखाच वागतो. उलट आम्ल तेच ठेवून सोड्याऐवजी मीठ किंवा साखर घाला. काही होत नाही. म्हणजे वायूचा साठा सोड्यात आहे आणि आम्ल फक्त त्याची सुटका करते. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आम्लातला हायड्रोजन सोड्यातल्या बायकार्बोनेटला मिळतो, त्यातून कार्बोनिक आम्ल तयार होते, ते टिकत नाही आणि पाणी व वायू असे फुटते. सोडिअम द्रावणातच राहतो.

दुसरा प्रश्न: हा वायू कोण? बहुतेक जण पेटती काडी पुढे करतात. फेस बसल्यावर भांडे हळूच तिरपे करून त्यातला नुसता वायू पेटत्या मेणबत्तीवर ओतला, तर ज्योत विझते. द्रावणाचा एक थेंबही पडत नाही आणि मेणबत्ती विझते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. पण या परीक्षेने सिद्ध काय झाले? दोनच गोष्टी. हा वायू जळायला मदत करत नाही आणि तो हवेपेक्षा जड आहे, म्हणून पाण्यासारखा ओतता येतो. त्यावरून ऑक्सिजन बाद झाला, कारण त्यात ज्योत भडकली असती. हायड्रोजन बाद झाला, कारण तो हलका आहे आणि फट् आवाज करून पेटतो. नायट्रोजनमध्येही ज्योत विझते, पण तो हवेपेक्षा किंचित हलका असल्याने असा ओतता आला नसता. गंधक जाळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड मात्र अजून संशयितांच्या रांगेत उभा आहे. तोही जड आहे, तोही ज्योत विझवतो. संशयित कमी झाले, गुन्हेगार अजून सापडलेला नाही.

इथे चुन्याची निवळी कामी येते. पानाच्या टपरीवर मिळणारा खायचा चुना हरभऱ्याएवढा घेऊन पेलाभर पाण्यात ढवळावा, झाकण ठेवून रात्रभर निवळू द्यावा आणि सकाळी वरचे स्वच्छ पाणी गाळाला धक्का न लावता दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावे. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम, त्यामुळे जास्त चुना घालून काही साधत नाही. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून मुलांबरोबर करताना मोठ्या माणसाने जवळ बसावे. निवळी झाकून ठेवायची, कारण उघड्यावर तिच्यावर पातळ पांढरी साय धरते. ही सायसुद्धा आपल्या शोधातलाच एक पुरावा आहे.

नळीतून आपला वायू या निवळीत सोडला की ती पाहता पाहता दुधाळ होते. चुना आणि वायू मिळून कॅल्शिअम कार्बोनेट तयार होते. खडू, चुनखडी आणि संगमरवर हे सगळे मुळात हेच. बहुतेक जण इथे थांबतात. थांबू नये. वायू सोडत राहिले तर काही वेळाने निवळी पुन्हा स्वच्छ होते, आणि प्रयोग बिघडला असे समजून विद्यार्थी गडबडतात. प्रयोग बिघडलेला नसतो, पुढे गेलेला असतो. जास्तीच्या वायूने कार्बोनेटचे विरघळणारे कॅल्शिअम बायकार्बोनेट झाले. हेच स्वच्छ पाणी तापवले की वायू निघून जातो आणि पांढरेपणा परत येतो. गिझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवायच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, त्यातला मोठा भाग याच क्रियेने आलेला असतो.

पण निवळीही फसवू शकते. सल्फर डायऑक्साइडनेही ती दुधाळ होते आणि जास्त वायू सोडल्यास पुन्हा स्वच्छ होते. मग दोघांत निवड कशी करायची? सल्फर डायऑक्साइडला नाकात झोंबणारा वास असतो आणि तो जांभळ्या पोटॅशिअम परमँगनेटचा रंग घालवतो. आपला वायू त्या रंगाला हात लावत नाही. शिवाय सोड्यात आणि लिंबात गंधकाचे संयुग नाहीच, मग गंधकाचा वायू येणार कुठून? दुसरी फसगत याच्या उलट आहे. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर त्याची वाफ वायूबरोबर नळीतून येते, निवळीतला चुनाच संपवते आणि वायू योग्य असूनही निवळी दुधाळ होत नाही. म्हणून प्रयोगशाळेत वायू आधी पाण्यातून धुऊन घेतात.

आणखी एक पडताळा सगळ्यात स्वस्त, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. तेवढीच निवळी दुसऱ्या पेल्यात घ्या आणि तिच्यात तेवढाच वेळ साधी हवा सोडा. ती जवळजवळ तशीच राहते, कारण हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के आहे. फुंकणीने श्वास सोडा, म्हणजे लगेच दुधाळ, कारण उच्छ्वासात तो ४ टक्क्यांच्या घरात असतो. या दुसऱ्या पेल्याशिवाय पहिल्या पेल्यातल्या दुधाळपणाला अर्थ नाही. हवेनेही तेवढेच झाले असते का, हे पाहिलेच नसेल तर वायूला जबाबदार धरायचे कशाच्या बळावर?

ही रीत ज्याने घडवली तो माणूस वायूच्या मागे लागलेला नव्हता. तो मुतखड्यावर औषध शोधत होता.

अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये मुतखडा हा भयंकर आजार होता. भूल न देता केलेली शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि ती सोसण्यापेक्षा रोगी कोणतेही औषध घ्यायला तयार असत. जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंनी खडा विरघळवणारे औषध असल्याचा दावा केला आणि त्याची कृती उघड करण्यासाठी १७३९ साली पार्लमेंटने त्यांना ५००० पौंड द्यायचे ठरवले. कृतीत भाजलेली अंड्याची टरफले, गोगलगायी आणि साबण असे पदार्थ होते. तेव्हापासून डॉक्टर मंडळी चुन्याच्या पाण्यामागे लागली. एडिंबरो विद्यापीठातले रॉबर्ट व्हिट आणि चार्ल्स ऑल्स्टन हे दोन प्राध्यापक कोणता चुना चांगला, शिंपल्यांचा की चुनखडीचा, यावरून जाहीर वाद घालत होते.

याच विद्यापीठात जोसेफ ब्लॅक हा तरुण वैद्यकाच्या पदवीसाठी प्रबंध लिहीत होता. जन्म १७२८चा, फ्रान्समधल्या बोर्दोचा; वडील मद्याचे व्यापारी. दोन गुरुजनांच्या भांडणात पडायला नको म्हणून त्याने चुना सोडला आणि मॅग्नेशिया अल्बा ही पांढरी पूड घेतली; आज आपण तिला मॅग्नेशिअम कार्बोनेट म्हणू. मुतखड्यावर तिचा उपयोग झाला नाही. पण ब्लॅकने एक गोष्ट केली, जी त्याच्या आधी इतक्या चिकाटीने कुणी केली नव्हती. प्रत्येक पायरीला त्याने तराजू वापरला.

पूड आम्लात टाकली की फेस येई. तीच पूड भट्टीत भाजली की तिचे वजन निम्म्याहून जास्त घटे, आणि भाजलेली पूड आम्लात टाकली तर ती निमूट विरघळे, एक बुडबुडाही निघत नसे. भाजताना पाणी थोडेसेच निघाले होते. वजनाची मोठी घट त्याने भरून निघत नव्हती. बाकीचे वजन हवेच्या रूपात निघून गेले असणार, एवढाच निष्कर्ष उरत होता. म्हणजे आगीत गेलेली वस्तू आणि आम्लात बुडबुड्यांनी निघणारी वस्तू एकच. नंतर त्याने भाजलेली पूड आम्लात विरघळवून तिच्यात फेस देणारे पोटॅशचे द्रावण घातले. खाली बसलेली पांढरी पूड धुऊन-वाळवून तोलली तर वजन जवळजवळ पहिल्याइतके भरले, आणि ती पूड पुन्हा आम्लात फसफसली. हवा पोटॅशमधून निघून पुडीत शिरली होती. घन पदार्थात हवा बंदिस्त राहू शकते आणि एका पदार्थातून दुसऱ्यात जाऊ शकते, हे वजनाने दाखवणारा हा पहिला पुरावा. ब्लॅकने तिला बद्ध हवा म्हटले.

चुनखडीचेही हेच. भाजलेला चुना तिखट का होतो, याचे जुने उत्तर होते की आगीचे कण त्यात शिरतात. काही शिरले असते तर वजन वाढायला हवे होते, ते घटते. आत काही येत नाही, बद्ध हवा बाहेर जाते. एका तराजूने एक जुनी समजूत कायमची निकालात काढली. १७५४च्या जानेवारीत आपले गुरू विल्यम कलेन यांना लिहिलेल्या पत्रात ब्लॅकने खडूवर आम्ल ओतून निघालेल्या हवेने शेजारची मेणबत्ती विझल्याचे कळवले होते. त्याचा प्रबंध त्याच वर्षी आला आणि सविस्तर निबंध १७५६ साली छापून झाला.

त्याच्याआधी स्टीफन हेल्स यांनी १७२७ साली अनेक पदार्थांतून हवा काढून मोजली होती. पण त्यांच्या लेखी सगळी हवा एकच. ब्लॅकने चुन्याच्या पाण्याने भेद दाखवला: साध्या हवेला निवळी दाद देत नाही, या हवेला पकडते. १७५७च्या सुमारास त्याने आपला उच्छ्वास, आंबणाऱ्या मद्यातून निघणारी हवा आणि जळत्या कोळशावरची हवा, तिन्हींची निवळीने परीक्षा घेतली. तिन्ही ठिकाणी तीच बद्ध हवा निघाली. हवा ही एकच वस्तू नव्हे, वेगवेगळ्या हवा असतात, ही गोष्ट इथून सुरू होते. पुढचे ऑक्सिजन, नायट्रोजन वगैरे सगळे शोध याच दारातून आले. माझ्या मते रसायनशास्त्राच्या इतिहासात ब्लॅकला मिळतो त्यापेक्षा कितीतरी मोठा मान मिळायला हवा.

आपल्याकडे चुना भाजण्याच्या या क्रियेचे दगडी साक्षीदार उभे आहेत. सह्याद्रीतल्या अनेक गडांवर चुन्याची घाणी दिसते: जमिनीत गोल चर आणि त्यात फिरणारे दगडी चाक. भट्टीत भाजलेली चुनखडी वायू गमावते. ती विरवून, मळून, दगडांच्या सांध्यांत भरली की वर्षानुवर्षे हवेतला तोच वायू परत घेते आणि पुन्हा चुनखडी बनून घट्ट होते. निवळीवर धरलेली साय आणि तटबंदीतला जुना चुना यांत रसायन एकच आहे.

वायू ओळखला, पण तो कशाचा बनला आहे? १७७२ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या भिंगाने ऊन एकवटून बंद भांड्यात हिरा जाळला. भांड्यातल्या हवेने निवळी दुधाळ केली. कोळसा जाळल्यावर येणारी हवा हिऱ्यातूनही आली. १७९७ साली स्मिथसन टेनंट यांनी दाखवले की सारख्या वजनाचा हिरा आणि कोळसा जाळला तर वायू सारखाच निघतो. त्याआधी १७९१ साली त्यांनीच उलटी वाट चालून या वायूतून काळा कोळसा वेगळा काढला होता. आजची सोपी पद्धत म्हणजे या वायूने भरलेल्या भांड्यात मॅग्नेशिअमची पेटती फीत सोडणे. मेणबत्ती विझवणाऱ्या वायूत मॅग्नेशिअम जळत राहते, कारण ते त्यातला ऑक्सिजनच ओढून घेते. मागे पांढरी राख आणि तिच्यात कार्बनचे काळे कण उरतात. हा प्रयोग मात्र शिक्षकांनी आणि प्रयोगशाळेतच करावा, डोळ्यांना संरक्षण घेऊन. ४४ ग्रॅम वायूत १२ ग्रॅम कार्बन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन. आता कुठे ‘कार्बन डायऑक्साइड’ हे नाव लिहिण्याचा हक्क मिळाला.

हीच परीक्षा उलट दिशेनेही चालते. वायू ठाऊक असला की फेसावरून पदार्थ ओळखता येतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत पांढरे, चमकदार स्फटिक सापडतात. त्यांत गारगोटी असते, झिओलाइट असतात आणि कॅल्साइटही असते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट लगेच फसफसते, गारगोटी ढिम्म राहते. भूशास्त्राचे विद्यार्थी आम्लाची छोटी बाटली पिशवीत ठेवतात ती यासाठी. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी मिठाबरोबर सोडिअमच्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेटनेही भरलेले आहे; त्याचा सामू १०च्या आसपास असतो, आणि तिथला खार पूर्वी काढून विकला जाई. गुळाच्या द्रावणात आम्लाचे थेंब टाकून फेस येतो का हेही पाहतात. फेस आला तर धुण्याच्या सोड्याची किंवा खडूची भेसळ असू शकते. एवढे लक्षात ठेवावे की फेस कार्बोनेट असल्याचे सांगतो. ते सोडिअमचे की कॅल्शिअमचे, हे तो सांगत नाही.

हा वायू पुढे पिण्याच्या पाण्यातही आला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली लीड्सला मद्याच्या कारखान्याशेजारी राहायला गेले आणि आंबणाऱ्या पिंपांवर साठलेल्या या वायूशी खेळता खेळता त्यांनी तो पाण्यात मिसळला. १७७२ साली त्याची कृती छापली. आपला गोटी सोडा त्याच घराण्यातला.

आता या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मेणबत्तीने काय सिद्ध होते हे मी मघाशी इतके ताणून सांगितले, त्याला कारण आहे. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची चाल गावोगाव आहे. ज्योत विझली तर उतरू नये, हे बरोबर. ज्योत जळत राहिली तर उतरायला हरकत नाही, हे मात्र जिवावर बेतणारे आहे. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने खोलगट जागी साठतो. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६च्या रात्री तो एकाएकी बाहेर पडला आणि दऱ्यांतून वाहत जाऊन त्याने सुमारे १७०० माणसांचा बळी घेतला. पण विहिरीत आणि टाकीत तो एकटा नसतो. मैल्याच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड दहा लाख भागांत हजार भाग असला तरी माणूस क्षणात कोसळतो. एवढ्याशा प्रमाणाने ज्योत हलतही नाही. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे सडक्या अंड्यांचा वास येत नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. विहिरीत उतरवलेल्या डिझेल पंपाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ज्योतीला कळत नाही आणि निवळीलाही कळत नाही. मिथेन तर हवेत ५ ते १५ टक्के असताना त्याच कंदिलाने स्फोट पावतो.

म्हणून विहीर, गोबरगॅसची टाकी, गटार किंवा मैल्याची टाकी यांत ज्योतीच्या भरवशावर कुणालाही उतरवू नका. मैल्याच्या टाकीत आणि गटारात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. आत कुणी कोसळला तर त्याला काढायला त्याच्यामागे उडी मारू नका; अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच पुन्हा पुन्हा मरतात. वरूनच दोर टाका, पंख्याने किंवा ब्लोअरने ताजी हवा सोडा आणि लगेच १०१ किंवा ११२ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवा.